मे महिन्यात या

पदवीची शेवटची परीक्षा संपली तेव्हा पुढचं एक वर्ष मी मुद्दाम मोकळं ठेवलं होतं. नोकरी नाही, पुढचं शिक्षण नाही. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत एकत्र काम केलेल्या आम्ही काही जणांनी हे वर्ष परदेशात काढायचं ठरवलं होतं. आधी नेपाळ, मग जमलं तर श्रीलंका. गटाने राहायचं, गटाने फिरायचं आणि जिथे राहू तिथे एका संस्थेमार्फत काही काम करायचं. युरोपात शाळा संपल्यावर मुलं असं वर्ष घेतात, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत मात्र ते समजावून सांगणं कठीण गेलं. बाबांचा प्रश्न एकच होता, "पैसे ते देणार की आपण द्यायचे?" आपणच द्यायचे होते, आणि थोडेथोडके नव्हते. काम आपण करायचं आणि वर पैसेही आपणच भरायचे, हे त्यांना पटेना. मलाही त्याचं नीट उत्तर देता येईना.

त्या संस्थेचं माहितीपत्रक मी पुन्हा पुन्हा वाचत होते. दोन आठवडे अनाथालयातल्या मुलांना इंग्रजी शिकवणं, दोन आठवडे शाळेची भिंत बांधणं आणि रंगवणं, मग डोंगरात भटकंती. मला भिंत बांधता येत नव्हती. आमच्यातल्या कुणालाच येत नव्हती. दोन आठवड्यांत मुलांची नावं पाठ होतील, तोवर आम्ही निघालेलो असू. मग तिथे आमचं काम नेमकं काय?

या प्रश्नामागे लागून जे वाचायला मिळालं त्याने माझी झोप उडाली. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपानंतर नेपाळात मदतीला जाणाऱ्यांची रीघ लागली. त्याच्या आधीपासून युनिसेफ सांगत होती की तिथल्या अनाथालयांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत आहेत. पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून खेड्यांतून मुलं आणून ठेवली जातात. कंबोडियातही हेच दिसलं. ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, त्या वेळच्या चर्चेत हा प्रश्न आला होता. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही पर्यटनाच्या ओघात होणाऱ्या अनाथालयांतल्या स्वयंसेवेबद्दल चिंता व्यक्त केली. हे सगळं मी गटाला वाचून दाखवलं. वाद झाला. काही जण म्हणाले, सगळेच तसे नसतात. तेही खरं होतं.

निर्णय घ्यायची वेळ आलीच नाही. करोनामुळे भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय विमानं 23 मार्च 2020 पासून बंद होती आणि ती सुरू व्हायला 27 मार्च 2022 उजाडला. वर्ष हातात होतं आणि जायला वाट नव्हती.

अशात जुलै 2021 आला. 22 तारखेच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस पडला. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते. तिथे तिला गांधारी आणि काळ या नद्या मिळतात, आणि पुढे खाडीला भरती असेल तर पाण्याला बाहेर पडायला जागा राहत नाही. महाड शहर पाण्याखाली गेलं. त्याच संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथेही दरडींनी माणसं घेतली. आमचं मूळ गाव शिवथर खोऱ्यात. आजी गेल्यापासून आमचं तिकडे जाणं शिमग्यापुरतंच उरलं होतं. दोन दिवस फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी चुलत आजोबांचा, म्हणजे तात्यांचा, आवाज ऐकू आला. माणसं ठीक होती. बाबांनी त्या दिवशी पैशांचा प्रश्न विचारला नाही.

आमचा गट टेम्पोने निघाला. फावडी, घमेली, खराटे, ब्लीचिंग पावडर, पाण्याच्या बाटल्या, गमबूट. माणगाव, लोणेरे मागे पडलं, दासगावच्या पुढे वास सुरू झाला. महाडच्या बाजारपेठेत शिरलो तेव्हा कामाला सुरुवात कुठून करायची तेच कळेना. पहिल्या मजल्यापर्यंत पाण्याची रेघ होती आणि रस्त्यावर अख्खी दुकानं बाहेर आलेली होती. धान्य, औषधं, साड्या, शाळेच्या वह्या, फ्रिज, सगळं एका रंगाचं. मी एका दुकानापुढचा ढीग उचलायला वाकले तर दुकानाच्या मालकीणबाई धावत आल्या. "हात नको लावूस गं! पंचनामा व्हायचाय." तलाठ्यांनी येऊन नोंद केल्याशिवाय भिजलेला माल हलवला तर नुकसानभरपाईला पुरावा राहत नाही. पण गाळ ओला असतानाच निघतो, सुकला की पहारीने फोडावा लागतो. म्हणजे थांबलं तर चिखल घट्ट होणार आणि उचललं तर पैसे जाणार. त्या बाईंनी मोबाइलवर प्रत्येक वस्तूचे फोटो काढले, शेजारच्या दोघांना साक्षीला उभं केलं, आणि मग म्हणाल्या, "आता उचला, पण दुकानातलं आधी. रस्त्यावरचं मागाहून."

पूरग्रस्त गावात कुणाच्या हाताखाली काम करायचं हे ठरलेलं असावं लागतं, ही गोष्ट मला तिथे पहिल्यांदा कळली. आम्हाला त्या बाई मिळाल्या. शेजारच्या गल्लीत आलेल्या एका गटाला कुणीच मिळालं नाही, ते दिवसभर एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहिले. संध्याकाळी आरोग्य पथकाने सगळ्यांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या, कारण अशा चिखलातून लेप्टोचा ताप येतो. पायाला जखम असलेल्यांना गाळात उतरू दिलं नाही. चौकात जुन्या कपड्यांचा डोंगर साठला होता. तो कुणी पाठवला ते मी विचारलं नाही. वापरून विटलेले कपडे पावसात भिजत होते आणि ते उचलून नेणं हे महाडकरांचं आणखी एक काम होऊन बसलं होतं.

मग मी शिवथरला गेले. गटातले निम्मे माझ्याबरोबर आले, बाकीचे परतले.

महाडहून बिरवाडीमार्गे वरंध घाटाच्या रस्त्याने जाऊन बारसगावकडून आत वळलं की शिवथरचं खोरं सुरू होतं. कसबे शिवथर, आंब शिवथर, कुंभे शिवथर अशी गावं आणि त्यांच्या वाड्या डोंगराच्या कुशीत बसल्या आहेत. लोक इथे येतात ते घळ बघायला. पावसाळ्यात घळीच्या तोंडाशी धबधबा कोसळत असतो. समर्थ रामदासांनी कल्याणस्वामींना दासबोध सांगितला तो इथे, अशी परंपरा आहे, आणि धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी 1930 मध्ये ही जागा शोधून काढली. वरंध घाट त्या दिवसांत खचल्यामुळे बंद होता आणि घळीच्या वाटेवर माणूस नव्हतं.

तात्यांच्या खाचरांवरून ओढा गेला होता. ओढ्याकडचे दोन बांध वाहून गेले होते आणि लावलेल्या भातावर दगडगोटे, रेती, मुळांसकट उपटलेली झाडं पसरली होती. आम्ही टिकाव-फावडी घेऊन तयार उभे होतो. तात्या बांधावर इरलं घेऊन बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती दिस हायसा?"

"चार-पाच दिवस," मी म्हटलं.

"मग ऱ्हाऊ द्या. दिवाळीनंतर या."

मला काहीच कळेना. शेत समोर दगडांखाली होतं, आठ हात रिकामे होते आणि मालक नको म्हणत होते. दुपारी तात्यांच्या घरच्या वहिनींनी भाकरी वाढताना समजावलं. खाचरात पाणी उभं आहे. आता दगड उपसले तर खालची माती ढिली होऊन पुढच्या सरीबरोबर जाईल. दगड आहेत म्हणून ती तरी धरून आहे. बांध आता रचला तर त्याच्या पाठीला भरायला कोरडी माती कुठून आणणार? पुन्हा लावणी करावी तर गावात आवण शिल्लक नाही, रोपं संपली. यंदाचं त्या खाचरांचं पीक गेलं, ते आता कुणी आणून देऊ शकत नाही. बाकीच्या खाचरांची राखण करायची, आणि हे काम जमीन वाळल्यावर करायचं. "तवा मानसं लागतील," वहिनी म्हणाल्या. "आत्ता समदे येतात. तवा कुनी येत न्हाई."

माझ्या त्या वर्षाची दिशा या वाक्याने बदलली. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर सात दिवसांचं असायचं, परदेशातला कार्यक्रम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत होता. दोन्ही ठिकाणी तारखा आमच्या सोयीने ठरलेल्या होत्या, परीक्षेनंतर किंवा सुट्टीत. शेताला, ओढ्याला, डोंगराला आमची सुट्टी ठाऊक नव्हती. पण माझ्याकडे अख्खं वर्ष होतं. गावाचं कालचक्र एकदा पुरं फिरायला तेवढंच लागतं.

मी दिवाळीनंतर परत गेले. गटातली एक मैत्रीण आणि एक मित्र आले. पुढे कधी कुणी, कधी कुणी येत राहिलं, मी मात्र वर्षभर येऊन-जाऊन राहिले.

बांध रचायला तात्यांनी शिकवलं, आणि यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण ही विद्या आता खोऱ्यात मोजक्या म्हाताऱ्यांकडे उरली आहे. सिमेंट नाही, चुना नाही, नुसते दगड. आधी ढिली माती काढून घट्ट भुई लागेपर्यंत पाया खणायचा. सगळ्यांत मोठे दगड तळाला, त्यांचं लांब अंग आत, शेताच्या बाजूला. वरच्या थराचा दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसला पाहिजे. सांध्यावर सांधा आला की तिथून बांध फुटणार. भिंत सरळ उभी करायची नाही, थोडी आत झुकती ठेवायची. हलणाऱ्या दगडाखाली बारीक चिपा ठोकायच्या. आणि पाठीमागे थेट माती लोटायची नाही, आधी हातभर गोटे-खडी भरायची, म्हणजे पाणी झिरपून बाहेर पडतं आणि बांधावर भार येत नाही. पहिल्या आठवड्यात मी लावलेला जवळजवळ प्रत्येक दगड तात्या पायाने हलवून बघायचे आणि हलला की काढून ठेवायचे. बोलायचे नाहीत. शिमगा आला तोवर ते दगड तपासायला उठेनासे झाले होते. नेपाळात दोन आठवड्यांत मी कसली भिंत बांधली असती, याचा तेव्हा मला अंदाज आला.

दिवाळीनंतरच्या त्याच दिवसांत ओढ्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-रेती भरायची, तोंड शिवायचं आणि ओढ्यात आडव्या थरांनी रचायच्या. पाऊस सरला, ओढा अजून वाहतो आहे, तेवढ्या दिवसांतच हे करावं लागतं. उशीर झाला तर अडवायला पाणीच नसतं. ज्या भागात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्या महाड-पोलादपूरच्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. बंधाऱ्याने टँकर थांबत नाही, पण खालच्या विहिरीचं पाणी काही आठवडे जास्त टिकतं आणि वालाला ओल मिळते.

एक नियम गावाने आम्हाला घालून दिला. ज्या कामाची मजुरी कुणाला मिळू शकते, ते काम फुकट करायचं नाही. खालच्या आदिवासी वाडीतली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि कोळसा पाडायला बाहेर जातात ती पार पावसाच्या तोंडावर परततात. ती गावात असतात तेव्हा लाकूडतोड, उकरणं-खणणं यांवर त्यांचं पोट असतं. शहरातली चार मुलं हौसेने तेच काम फुकटात करून गेली तर कुणाचा तरी रोज बुडतो. आम्ही कामं करायचो ती ज्यांच्याकडे मजुरी द्यायला पैसे नाहीत त्यांची, किंवा बंधाऱ्यासारखी सगळ्या वाडीची. परदेशात शाळेची भिंत बांधायला पैसे भरून जाणाऱ्या मुलांनी हा एक प्रश्न विचारायलाच हवा, की तिथल्या गवंड्याच्या मजुरीचं काय?

परदेशी जाऊन श्रम करण्याच्या कल्पनेवर माझा राग नाही. तिच्या मुळाशी फार मोठी माणसं आहेत. पहिल्या महायुद्धात व्हर्दूनच्या परिसरातली गावं जमीनदोस्त झाली होती. 1920 मध्ये पिएर सेरेसोल या स्विस माणसाने वेगवेगळ्या देशांतली मूठभर माणसं गोळा केली, त्यांत कालपर्यंत शत्रू असलेले जर्मनही होते, आणि एस्न या गावी घरं उभारायला, रस्ते करायला सुरुवात केली. आजच्या आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरांचा उगम तो. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा सेरेसोल इकडे आले. एकदाच येऊन थांबले नाहीत, 1937 पर्यंत पुन्हा पुन्हा आले. पुढे 1950 च्या दशकात याच चळवळीतले देशोदेशीचे तरुण वरोऱ्याजवळच्या आनंदवनात राहून इमारती बांधून गेले. बाबा आमटे यांनी सोमनाथला सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी आजही भरते, मे महिन्याच्या उन्हात. आमच्या रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातल्या वडघरला साने गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक आहे, तिथेही तरुणांची शिबिरं होतात. ही परंपरा मला वर्षाच्या सुरुवातीला माहीत असती तर मी कदाचित माहितीपत्रकं उघडलीच नसती.

घळीत बसल्यावर मला समर्थांच्या तीर्थाटनाचा विचार यायचा. टाकळीची साधना संपवून ते बारा वर्षं देशभर फिरले असं चरित्रकार सांगतात. फिरणं संपल्यावर ते कृष्णाकाठी स्थिरावले आणि या घळीत लिहायला बसले ते त्याही नंतर. पाहण्याचं आणि करण्याचं वय वेगळं असतं असा अर्थ कुणी काढेल. मला त्यातला काळाचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. देश पाहायला त्यांनी बारा वर्षं दिली.

मे महिन्याइतकी माणसांची गरज मी दुसऱ्या कुठल्याच महिन्यात पाहिली नाही. घरांची कौलं चाळायची, फुटकी बदलायची. सरपण आत घ्यायचं. उरलेले बांध पुरे करायचे. डोंगराच्या बाजूचे चर साफ करून पाण्याला वाट मोकळी करून द्यायची, कारण पाणी चरातून वाहून न जाता जमिनीत मुरत राहिलं की उतार जड होतो. घरामागच्या उताराला भेगा पडल्या आहेत का, झाडं किंवा विजेचे खांब कलले आहेत का, हे वर चढून पाहायचं. दरडीच्या आधी डोंगर अशा खुणा दाखवतो. 25-26 जुलै 2005 ला याच तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडींनी दीडशेहून अधिक माणसं नेली. त्यानंतर सोळा वर्षांनी तळिये झालं. पावसाच्या आधी डोंगरावर फिरून खुणा पाहायला प्रत्येक वाडीत चार धडधाकट पाय हवेत, आणि वाडीतली तरुण मुलं मुंबई-पुण्यात आहेत. माझे बाबा असेच गेले होते.

मेच्या अखेरीस बाबा आठ दिवसांची रजा काढून आले. तात्यांनी त्यांनाही दगड लावायला बसवलं. जून 2022 मध्ये धूळवाफेची पेरणी झाली, जुलैत त्या दोन खाचरांत पुन्हा भाताची लावणी झाली, आणि मी नोकरीवर रुजू झाले. विमानं तोवर सुरू झाली होती. गटातले दोघं पुढे खरंच नेपाळला गेले, पण अनाथालय वगळून, आणि जाण्याआधी तिथल्या गावाला पत्र लिहून विचारून, की तुम्हाला माणसं केव्हा लागतात?

ज्यांनी एक वर्ष मोकळं ठेवलं आहे किंवा ठेवायचं मनात आहे, त्यांना माझी विनंती आहे. पुराच्या बातमीची वाट पाहू नका. गटाने या, एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली राहा. निघण्याआधी गावात फोन करून कोणतं काम अडलं आहे ते विचारा आणि ते पुरं होईपर्यंत थांबण्याच्या तयारीने या. शिवथरला यायचं असेल तर अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंतच्या दिवसांत या.